वीस हजारांत हायब्रिड सायकल घ्यायची तर

पंधरा-वीस हजारांच्या सायकलींच्या रांगेसमोर उभं राहिलं की पाच मिनिटांत सगळ्या सारख्याच दिसू लागतात. प्रत्येक फ्रेमवर लग्नपत्रिकेसारखी नावांची गर्दी असते. अलॉय, शिमानो, ड्युअल डिस्क, २१ स्पीड, लॉकआउट सस्पेन्शन. ज्या सायकलवर हे शब्द सगळ्यात जास्त, तिच्याकडे दुकानदार आपल्याला अलगद घेऊन जातो. माझा सल्ला बरोबर उलटा आहे. या किमतीत मिरवण्यासारखं सामान जिच्यावर कमी, ती सायकल बहुतेक वेळा सरस निघते.

त्यामागे साधा हिशेब आहे. कंपनीला ठरावीक रकमेत सायकल बसवायची असते. पुढे सस्पेन्शन लावलं आणि दोन्ही चाकांना डिस्क ब्रेक दिले, की तेवढे पैसे दुसरीकडून काढावे लागतात. ते निघतात गिऱ्हाइकाला न दिसणाऱ्या जागांमधून: चाकाच्या मध्यावरच्या हबमधले छर्रे, रिम, तारा, टायर, पायडलचे दांडे जिथे फिरतात ते बॉटम ब्रॅकेट. तीन वर्षांनी सायकल सुरळीत चालेल की करकरेल, हे नेमकं याच भागांवर ठरतं.

हायब्रिड म्हणजे रोड बाइक (शर्यतीसारखी वेगवान सायकल) आणि एमटीबी (डोंगरवाटांची सायकल) यांच्या मधली जात. चाकं रोड बाइकसारखी मोठी, हँडल एमटीबीसारखं सरळ आणि बसण्याची ढब दोन्हींपेक्षा ताठ, त्यामुळे रहदारीत मान वर राहते. चाकाचं माप बहुतेक वेळा ७०० सी असतं आणि टायरची रुंदी साधारण ३२ ते ४२ मिलिमीटर. रोजची ऑफिसची ये-जा, रविवारचे तीस-चाळीस किलोमीटर, कधीतरी एखादा घाट असं मिश्र काम असेल तर ही सायकल योग्य. दगडधोंड्यांतून उड्या मारायच्या असतील तर नाही. लांब पल्ल्याला मात्र ती कमी पडेल असं समजू नका. साडेतेरा तासांत २०० किलोमीटर करायची जी बीआरएम, म्हणजे ठरावीक वेळेत पुरी करायची लांब पल्ल्याची सफर असते, ती अनेक जण हायब्रिडवरच पूर्ण करतात.

आधी माप, मग बाकी सगळं

सायकलचं माप चुकलं तर पुढचा सगळा विचार फुकट जातो. आपल्याकडे घोळ असा की "२६ची सायकल", "२८ची सायकल" असं बोलताना आपण चाकाचं माप सांगत असतो. अंगाला बसते ती फ्रेम, आणि तिचं माप वेगळं असतं: एस, एम, एल किंवा १६, १८, २० इंच. स्वस्तातली पुष्कळ मॉडेल्स एकाच फ्रेममध्ये येतात आणि "सीट वरखाली करून देतो" म्हणत सगळ्यांना तीच विकली जाते. सीट वर करता येते, पण सीटपासून हँडलपर्यंतचं अंतर फ्रेमनेच ठरवलेलं असतं. ते जास्त असेल तर मान आणि खांदे धरतात, कमी असेल तर गुडघे हँडलला लागल्यासारखे वाटतात.

दुकानात सायकलचा वरचा दांडा दोन्ही पायांच्या मध्ये घेऊन, पाय जमिनीला टेकून उभं राहा. दांडा आणि जांघ यांच्यात दोन बोटांपासून चार बोटांपर्यंत जागा हवी. मग सीटवर बसा, टाच पायडलवर ठेवा आणि पायडल अगदी खाली न्या. पाय सरळ झाला पाहिजे. आता चवडा पायडलवर घेतला की गुडघ्यात हलका बाक राहतो, आणि तीच सीटची उंची. आकड्यातच हवं असेल तर पायाची आतली लांबी गुणिले ०.८८३. म्हणजे ७६ सेंटिमीटर पाय असेल तर पायडलचे दांडे जिथे फिरतात त्या मधल्या अक्षापासून सीटच्या वरपर्यंत ६७ सेंटिमीटर.

या उंचीवर बसल्या जागेवरून दोन्ही पाय जमिनीला सपाट टेकत नाहीत, आणि ते टेकायचेही नसतात. "पाय टेकत नाहीत" म्हणून सीट खाली घेणारे लोक दोन महिन्यांनी गुडघे दुखतात म्हणून सायकल सोडतात. सिग्नलला सीटवरून पुढे उतरून उभं राहायची सवय चार दिवसांत होते. साडी किंवा ओढणीवर चालवायची असेल, किंवा कंबर-गुडघ्याची तक्रार असेल, तर खाली वाकलेल्या दांड्याची फ्रेम आणि चेनकव्हर बघा. तिला लेडीज सायकल म्हणून नाक मुरडणाऱ्यांकडे लक्ष देऊ नका.

शोभेचं सस्पेन्शन

या किमतीतल्या सस्पेन्शनमध्ये असते एक स्प्रिंग, आणि फार तर रबराचा तुकडा. दबल्यावर सावकाश परत येण्याची सोय त्यात नसते. त्यामुळे मोठ्या खड्ड्यात ते तळाला आपटतं, बारीक खडीवर दबतच नाही, आणि चढावर उभं राहून पायडल मारलं की तुमच्या जोराचा काही भाग स्प्रिंग खाऊन टाकते. साध्या सरळ फोर्कपेक्षा, म्हणजे आपल्याकडच्या भाषेत चिमट्यापेक्षा, त्याचं वजन किलोभर तरी जास्त भरतं. एक पावसाळा नीट न पुसता गेला की नळ्यांना गंज धरतो, मग तेवढंही हलणं बंद.

वजनाबद्दल मात्र फार जीव टाकू नका. सत्तर किलोचा माणूस आणि चौदा किलोची सायकल मिळून ८४ किलो. सायकल तेराची झाली तर चढावरचा फरक टक्का-सव्वा टक्का. स्वस्त सस्पेन्शन टाळायचं खरं कारण वजन नाही, तर त्या पैशात मिळू शकले असते असे चांगले टायर आणि हब.

खड्ड्यांचं काय, हा प्रश्न रास्त आहे. उत्तर टायरमध्ये आहे. ३५ ते ४० मिलिमीटरचा टायर आणि त्यात बेताची हवा, हे आपल्या रस्त्यांवरचं सगळ्यात स्वस्त सस्पेन्शन. ७० किलोच्या माणसाला ३८च्या टायरमध्ये ५०-५५ पीएसआय पुरतात. टायरच्या कडेला कमाल दाब छापलेला असतो, तेवढा भरायलाच हवा असं नाही. पेट्रोल पंपावर हवा भरताना जपून, सायकलची ट्यूब लहान असते आणि दोन सेकंदांत फाटेपर्यंत भरते.

टायरवर नजर असतानाच कडेला ३७-६२२ असा आकडा शोधा. पहिला रुंदीचा, दुसरा रिमवर टायर बसतो तिथल्या व्यासाचा, दोन्ही मिलिमीटरमध्ये. तो शोधायला सांगतोय कारण आपल्या गावोगावच्या दुकानांत जुन्या काळ्या सायकलींचा २८ × १½ टायर सर्रास मिळतो, आणि ७०० सीलाही लोक २८ इंचच म्हणतात. पण काळ्या सायकलचा व्यास ६३५ आहे. तेरा मिलिमीटरचा फरक. तो टायर हायब्रिडच्या रिमवर सैल बसतो, हवा भरली की उतरतो. तालुक्याच्या गावी राहत असाल तर ७०० सीच्या दोन ट्यूब सायकलबरोबरच घेऊन ठेवा. व्हॉल्व्ह मोटरसायकलसारखा जाड असेल तर उत्तम, कारण बारीक प्रेस्टा व्हॉल्व्हला हवा भरायचं साधन गावात मिळेलच असं नाही.

एकवीस गिअर म्हणजे किती गिअर?

पुढे तीन चकत्या, मागे सात, म्हणून तीन साते एकवीस. गणित बरोबर आहे, पण त्यातून एकवीस वेगळे गिअर मिळत नाहीत. पुढे ४८, ३८ आणि २८ दात्यांच्या चकत्या, मागे १४, १६, १८, २०, २२, २४ आणि २८, ही या किमतीतली नेहमीची जुळणी. गिअर म्हणजे पुढचे दाते भागिले मागचे. पुढची ४८ आणि मागची २४ लावली तर उत्तर २. पुढची २८ आणि मागची १४, तरीही २. पुढे ३८ आणि मागे १४ केलं तर २.७१, पुढे ४८ आणि मागे १८ केलं तर २.६७. पायाला हा फरक कळतही नाही. सगळे एकवीस मांडून बघितले तर खरोखर वेगळे असे तेराच्या आसपास उरतात. त्यातूनही चेन तिरकी पडते म्हणून दोन-तीन वापरू नयेत असेच असतात.

म्हणून गिअर किती हे विचारू नका. सगळ्यात हलका गिअर किती आहे, ते विचारा. दुकानदाराला सांगता आलं नाही तर दाते मोजा, दोन मिनिटांचं काम आहे. वरच्या जुळणीत सगळ्यात हलका गिअर २८ भागिले २८, म्हणजे १. पायडलच्या एका फेऱ्याला चाकाचा एक फेरा. ३५च्या टायरचा परीघ साधारण २.१७ मीटर, म्हणजे मिनिटाला ६० फेरे मारले तरी ताशी ७.८ किलोमीटरचा वेग ठेवावाच लागतो. दर शंभर मीटरला आठ मीटर चढणाऱ्या रस्त्यावर सायकल आणि सामानासह ८६ किलो त्या वेगाने वर न्यायला साधारण १६० वॉट ताकद लागते. नवख्या माणसाला एवढा जोर दहा-पंधरा मिनिटं जमेल, सिंहगडाच्या रस्त्यावर तेवढ्याने भागत नाही. मागची मोठी चकती २८ऐवजी ३४ची असेल तर तोच माणूस तेवढेच फेरे मारत ताशी ६.४ किलोमीटरने चढेल आणि १३० वॉटच्या आसपास भागेल. सहा दात्यांचा फरक, पण उतरून सायकल ढकलायची की नाही हे त्यावर ठरतं.

अलीकडे पुढे एकच आणि मागे आठ चकत्या अशा सायकली येतात. मला ही रचना आवडते. चेन एका चकतीवरून दुसरीवर नेतो तो डिरेलर, बिघडायला असा एक कमी आणि डाव्या हाताला काम नाही. फक्त दाते बघून घ्या. पुढे ३८ आणि मागे मोठी ३४ असेल तर सगळ्यात हलका गिअर १.१२ येतो. मुंबई-नाशिकच्या उड्डाणपुलांना तो भरपूर झाला, कोकणातल्या चढउतारांना जड. सोलापूर किंवा नागपूरसारख्या सपाट शहरात फक्त शहरातच चालवणार असाल तर बिनगिअरची हायब्रिडही चालेल, आणि तिचे वाचलेले पैसे चांगल्या टायरांत घालता येतील.

राहता राहिलं शिमानो. या कंपनीच्या मालाची उतरंड खालून टूर्नी, अल्टस, अॅसेरा, अॅलिव्हिओ, देओरे अशी आहे. वीस हजारांच्या आत बहुतेक वेळा टूर्नी मिळतो, आणि तो वाईट नाही, नीट जुळवला तर वर्षानुवर्षं काम देतो. फक्त एक ध्यानात ठेवा. "शिमानो गिअर" म्हटलेल्या सायकलवर कित्येकदा मागचा डिरेलर तेवढा शिमानोचा असतो. शिफ्टर बोटाने दाबायचे आहेत का हे बघा. मूठ पिरगाळून बदलायचे शिफ्टर घामाच्या किंवा पावसाच्या हाताने नकोसे होतात.

मागच्या हबची एक परीक्षा

ही गोष्ट दुकानदार आपणहून सांगत नाही. मागच्या चकत्या दोन पद्धतीने बसवलेल्या असतात. जुन्या पद्धतीत फ्रीव्हील, म्हणजे चकत्यांचा अख्खा जुडगा, हबवर आट्यांनी घट्ट बसतं. त्यात उजवीकडचे छर्रे फ्रीव्हीलच्या आतल्या बाजूला राहतात आणि धुरीचा बराच भाग आधाराविना बाहेर येतो. वजनदार माणूस, मागे कॅरिअरवर बॅग आणि रोजचे खड्डे, असं जुळून आलं की धुरी वाकते किंवा मोडते. कॅसेट पद्धतीत छर्रे चकत्यांच्या खाली, जवळपास फ्रेमच्या टोकापर्यंत असतात, त्यामुळे धुरीला आधार मिळतो.

ओळखायची कशी? सायकलच्या मागे उकिडवं बसा आणि चकत्यांचा जुडगा हाताने उलटा फिरवा. सगळ्यात लहान चकतीच्या आत धुरीभोवती खाचांचं एक कडं दिसतं. चकत्यांबरोबर ते कडंही फिरत असेल तर कॅसेट, जागच्या जागी राहिलं तर फ्रीव्हील. सात चकत्यांच्या सायकलीत बहुतेक फ्रीव्हीलच सापडेल, आठच्या सायकलीत कॅसेटची शक्यता वाढते. तुमचं वजन साठच्या आत असेल आणि वापर शहरापुरता असेल तर फ्रीव्हीलने काही बिघडत नाही. ऐंशी-नव्वद किलोच्या माणसाने मात्र डिस्क ब्रेक सोडून दिला तरी चालेल, कॅसेट सोडू नये.

ब्रेकचा निकाल त्यामानाने सोपा आहे. या पैशात चांगला व्ही-ब्रेक, म्हणजे रिमला दोन्ही बाजूंनी रबर दाबणारा ब्रेक, हा स्वस्त डिस्कपेक्षा बरा. रबरं शे-दोनशेत मिळतात, कोणत्याही गावचा मेकॅनिक बसवून देतो आणि काय घासतंय ते डोळ्यांना दिसतं. स्वस्त केबलच्या डिस्क ब्रेकमध्ये एकच पॅड हलतो आणि चाकावरच्या डिस्कला ढकलत दुसऱ्या पॅडवर नेतो, म्हणून त्याचा सूं-सूं आवाज सतत सेटिंग मागत राहतो. डिस्कचा खरा फायदा पावसात आणि लांब उतारावर. चार महिने चिखलातून ये-जा असेल किंवा रोजच घाट उतरायचा असेल, तर बजेट थोडं ताणून नावाजलेल्या कंपनीचा डिस्क असलेली सायकल घ्या. पावसात रिम आणि रबर यांच्यामध्ये वाळू अडकून रिम झिजते हेही खरं, म्हणून व्ही-ब्रेकवाल्यांनी पावसाळ्यात रिम फडक्याने पुसत राहावी.

किंमत, आणि किमतीबाहेरचे पैसे

बाजारात नावं पुष्कळ आहेत. लुधियानाची हीरो आणि तिने २०१५ मध्ये घेतलेली फायरफॉक्स, टीआय सायकल्सच्या हर्क्युलस, बीएसए आणि माँट्रा, डेकॅथलॉनची रिव्हरसाइड. याच्या वरच्या मजल्यावर ट्रेकची एफएक्स, जायंटची एस्केप, स्कॉटची सब क्रॉस. नाव बघून घेऊ नका, एकाच कंपनीच्या दोन मॉडेल्समध्ये वर सांगितलेले सगळे फरक सापडतात. अलॉय, म्हणजे अॅल्युमिनियमची फ्रेम हवीच असा हट्टही नको. चांगल्या जोडकामाची पोलादी फ्रेम थोडी जड असेल, पण टिकते, आणि तुटली तर वेल्डिंगवालाही जोडून देतो.

सायकलवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून १२ वरून ५ टक्क्यांवर आला. आधी वीस हजारांना असलेली सायकल याच हिशेबाने १८ हजार ७५०ला यायला हवी. दुकानात जुन्या स्टिकरचा माल असेल तर बिलावर कर किती टक्के लावलाय तेवढं बघा.

वीस हजार हातात असतील तर सायकल सोळा-सतराचीच बघा. हेल्मेट, कुलूप, पुढचा-मागचा दिवा, हवेचा पंप, मडगार्ड, स्टँड यांचे तीन-चार हजार सहज होतात, आणि हायब्रिडबरोबर यातलं बरंचसं मिळत नाही. फ्रेमला मडगार्ड आणि कॅरिअर बसवायची भोकं आहेत का, ते घेण्याआधी बघा. नसतील तर जुलैत पाठीवर चिखलाची रेघ ठरलेली. मागच्या डिरेलरला धरणारा हँगर नावाचा बोटभर अॅल्युमिनियमचा तुकडा असतो. सायकल उजव्या कुशीवर पडली की तोच वाकतो, आणि प्रत्येक मॉडेलचा वेगळा असतो. तो जादा मागून घ्या. दोन वर्षांनी मॉडेल बंद झाल्यावर तो शोधणं म्हणजे नसती पायपीट.

ऑनलाइन घेतलेली सायकल अर्धवट जोडलेली येते. हँडल, सीट, पुढचं चाक आणि पायडल आपण बसवायचं. डाव्या पायडलच्या आट्या उलट्या असतात. घाईत ते सुलट बाजूने घट्ट केलं तर क्रँकचे, म्हणजे पायडलच्या दांड्याचे, आटे कायमचे जातात. पाना हातात धरायची सवय नसेल तर जवळच्या मेकॅनिकला तीन-चारशे रुपये देऊन जोडून घेतलेलं बरं. चाकं उचलून फिरवायलाही त्यालाच सांगा. रिम ब्रेकच्या रबराजवळून जाताना डावी-उजवीकडे डुलत असेल तर आऊट, म्हणजे चाकाचा वाकडेपणा, काढायला हवा. दुकानातून घेताना हेच तुम्ही स्वतः करा, आणि दोन्ही चाकं कडेला धरून आडवी हलवून बघा. खटखट लागली तर हबचे कोन, म्हणजे छर्रे जागेवर धरणारे नट, सैल आहेत.

जुनी सायकल हाही चांगला मार्ग आहे. लॉकडाउनच्या काळात हौसेने घेतलेल्या कितीतरी सायकली नंतर बाल्कनीत कपडे वाळत घालायच्या कामी आल्या. चाळीस हजारांची हायब्रिड निम्म्या किमतीत मिळाली तर वर चर्चिलेल्या बऱ्याच तडजोडी करायला लागत नाहीत. फक्त मूळ बिल मागा, आणि बॉटम ब्रॅकेटखाली कोरलेला फ्रेमचा नंबर त्याच्याशी ताडून बघा. नंबर खरवडलेला असेल तर तिथून निघा. जोडांजवळ रंगाला बारीक चीर दिसली तर तीही सायकल नको. टायर, चेन, केबल आणि ब्रेकची रबरं बदलावी लागतीलच असं धरून दोन-तीन हजार किमतीतून वळते करून घ्या.

नवी घेतली असेल तर महिना-दीड महिन्यात एकदा दुकानात न्या. तोवर तारा बसतात, गिअर आणि ब्रेकच्या केबल ताणल्या जातात, क्रँक थोडा सैल होतो. पुष्कळ दुकानं ही पहिली सर्व्हिस फुकट करून देतात, पण आठवण कोणी करत नाही. बिल घेतानाच मुदत विचारून बिलाच्या मागे लिहून घ्या.